चाळिशीनंतरची फँटसी : नव्या कादंबऱ्यांविषयी एक तक्रार

उंबरठा (धागालेखिका)
कालच्या पुस्तकांच्या धाग्यावर 'जुनी पोथी' यांनी लिहिले की, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने जादू आणि उडणाऱ्या माणसांत रमणे म्हणजे जबाबदारीपासून पळणे आहे, आणि अद्भुताची हौस असेलच तर महाभारत पुरेसे आहे. त्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझे वय सत्तेचाळीस आहे. वडिलांना विस्मरणाचा आजार होता आणि त्यांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांच्या उशाशी बसून सुझाना क्लार्क यांची 'पिरानेसी' (२०२०) वाचली. भरतीचे पाणी शिरणाऱ्या अंतहीन दालनांत राहणारा, स्वतःचे खरे नाव विसरलेला एक माणूस तिथल्या तेरा मृतांच्या अस्थींना नेमाने अन्न-पाणी आणि कमळे वाहतो. विसरलेला माणूसही पूर्ण माणूस असू शकतो, हे मला डॉक्टरांनी नव्हे, या पुस्तकाने पटवले. शॅनन चक्रवर्ती यांच्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी'ची (२०२३) नायिका बाराव्या शतकात हिंदी महासागरावर जहाज चालवणारी, लुटारूपणातून निवृत्त झालेली, गुडघेदुखीने त्रासलेली आई आहे. हे बालवाङ्मय आहे काय? तिसरी शिफारस वज्रा चंद्रसेकेरा या श्रीलंकन लेखकाच्या 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स'ची (२०२३). तिला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला (विज्ञानकथा आणि फँटसीसाठी दिला जाणारा) पुरस्कार मिळाला. जन्मताच आई मुलाची सावली पितळी खिळ्याने जमिनीला ठोकून त्याच्यापासून तोडते आणि धर्मसंस्थापक बापाचा वध करण्यासाठी त्याला वाढवते. मुलगा मोठा होतो आणि ते काम टाळून शहरात निघून जातो. आईवडिलांनी आखून दिलेले आयुष्य नाकारण्याची किंमत ज्याने मोजली आहे, त्यानेच ही कादंबरी वाचावी.

जुनी पोथी
माझे वाक्य आपण अर्धेच उद्धृत केले आहे. माझा राग अद्भुतावर नाही. नाथमाधवांची 'वीरधवल' मी शाळेत असताना कंदिलाच्या उजेडात वाचली, आणि नारायण धारपांनी तर माझी झोप उडवली होती. राग आहे तो खंडांमागून खंड काढणाऱ्या व्यवहारावर. पहिल्या खंडात नकाशा आणि वंशावळ, दुसऱ्यात युद्धाची तयारी, आणि तिसरा केव्हा येईल हे कोणी सांगत नाही. अमीनाचे पुस्तकही मालिकेचा पहिलाच भाग आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. शिवाय आपली सर्व यादी इंग्रजी आहे. माझ्या पत्नीला, जी माझ्याहून अधिक वाचते, त्या यादीचा काडीचा उपयोग नाही.

हिंजवडीकर
मला लावण्या लक्ष्मीनारायण यांच्या 'द टेन पर्सेंट थीफ'विषयी लिहायचे आहे. भारतात ती २०२० मध्ये 'अ‍ॅनालॉग/व्हर्च्युअल' या नावाने निघाली होती. बंगळुरूची तिथे 'एपेक्स सिटी' झाली आहे आणि नागरिकांची उत्पादकता बेल कर्व्हवर, म्हणजे घंटेच्या आकाराच्या आलेखावर, मोजली जाते. वरचे वीस टक्के सुखात, मधले सत्तर धडपडीत, आणि तळाच्या दहा टक्क्यांना शहराबाहेर, वीज-पाण्याच्या टंचाईत हाकलले जाते. माझ्या जुन्या कंपनीत अप्रेझलच्या वेळी सात जणांच्या टीममधून एकाला तळाचे रेटिंग द्यावेच लागेल, असा आदेश आला होता. मी ज्याचे नाव दिले त्याची पत्नी तेव्हा सातव्या महिन्यात होती. ही कादंबरी वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. जबाबदारीपासून पळणे याला म्हणत असतील, तर मला ती व्याख्या मान्य नाही.

नागनदी
अवांतर होईल, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. चंद्रसेकेरांच्या नायकाचे नाव 'फेटर' आहे, म्हणजे बेडी, बंधन. पाली परंपरेत सिद्धार्थाला पुत्रजन्माची वार्ता कळते तेव्हाचे उद्गार 'राहुलो जातो, बन्धनं जातं' (राहुल जन्मला, बंधन जन्मले) असे सांगितले जातात. म्हणजे हा मुलगा राहुल आहे आणि वधायोग्य ठरवलेला तो 'परिपूर्ण आणि दयाळू' बाप कोण, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या धाकट्या भावाचे नाव राहुल आहे. आजोबांनी १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला. आपण 'धर्मसंस्थापक बाप' एवढेच लिहून पुढे गेलात, याचे मला वाईट वाटले.

उंबरठा
ते नाव माझ्या लक्षात आले नव्हते, हे मान्य करते. परंतु ही टीका बुद्धावर नसून बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या सत्तेवर आहे. कादंबरीतील छावण्या, ओळखपत्रे आणि जमावाची हिंसा वाचताना श्रीलंकेतील १९८३ चे तमिळविरोधी हत्याकांड आठवल्यावाचून राहत नाही.

नागनदी
श्रीलंकेचा इतिहास मलाही ठाऊक आहे. तो शिकवण्याची गरज नव्हती. माझा मुद्दा वेगळा आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये सिद्धार्थ बायकामुलांना झोपेत टाकून जात नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, युद्धाला विरोध केला म्हणून त्याला गृहत्याग करावा लागतो, आणि यशोधरा समजून-उमजून त्याला निरोप देते. 'टाकून गेलेला बाप' ही ज्या परंपरेतली कथा आहे, ती आमच्याकडे नव्याने लिहिली गेली आहे. परीक्षण मराठीत लिहिताना हा फरक दिसलाच पाहिजे.

जुनी पोथी
पाहा, शेवटी चर्चा मूळ ग्रंथांवरच आली. मी हेच म्हणत होतो.

नागनदी
नाही, आपण हे म्हणत नव्हता. 'पुरेसे आहे' असे आपण म्हणालात. जुनी कथा पुरेशी वाटली असती तर बाबासाहेबांनी ती पुन्हा लिहिली नसती. चंद्रसेकेरांशी माझे भांडण आहे, पण त्यांचा कथा पुन्हा लिहिण्याचा हक्क मी नाकारत नाही. कृपया माझ्या दुखण्याचा आपल्या मतासाठी वापर करू नये.

जुनी पोथी
'पुरेसे' हा शब्द मागे घेतो. बाकीचे मत कायम आहे. उंबरठा यांनी एवढेच सांगावे : 'पिरानेसी' एकाच खंडात संपते काय? पत्नीला रोज रात्री थोडे थोडे मराठीत सांगत वाचता येईल, असे पुस्तक मी शोधतो आहे.

उंबरठा
एकाच खंडात संपते, आणि पुस्तक आकारानेही लहान आहे. नोंदवहीच्या रूपात असल्यामुळे एका रात्री एक नोंद सांगता येईल. सुरुवातीला दालने आणि पुतळे यांचीच वर्णने येतात, तिथे कंटाळून सोडू नये. आणि वहिनींना काय वाटले ते इथे अवश्य लिहावे. नागनदी यांच्या आक्षेपासह माझे परीक्षण मी तोवर दुरुस्त करते.