मदत हवी आहे: चालताना हादोकेन मारायला गेलो की शोर्युकेन निघतो

स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा गेम पीसीवर, साध्या कीबोर्डवर खेळतो. पात्र र्‍यू, क्लासिक कंट्रोल (दिशा आणि बटण क्रमाने दाबून डाव काढायचा). जागेवर उभं राहून हादोकेन (लांबून फेकायचा ऊर्जेचा गोळा: खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच) दहातून नऊ वेळा निघतो. पुढे चालताना तोच मारला की शोर्युकेन (वर उडी घेत मारलेला ठोसा)! समोरचा लांब उभा, आपला गडी हवेत, आणि खाली येईस्तोवर मार ठरलेला.

ट्रेनिंगमध्ये इनपुट (दाबलेल्या दिशांची नोंद) लावून पाहिले: पुढे, खाली, खाली-पुढे, पुढे. म्हणजे चालण्याचं 'पुढे' शोर्युकेनची सुरुवात धरलं जातंय, एवढं कळलं. बोट उचलून क्षणभर थांबलो तर बरोबर येतो, पण तोवर समोरचा डोक्यावर. मित्राचा कीबोर्ड लावला, तेच.

मॉडर्न (एका बटणावर डाव निघणारा सोपा कंट्रोल) सुचवू नका भाऊ, एका बटणाच्या स्पेशल डावाला मार २० टक्के कमी बसतो. गेमपॅड इथे भुसावळात मनासारखा मिळाला नाही, जळगावला दिवाळीनंतरच जाणं होईल.

तर कीबोर्डवरच, चाल फार न तोडता हादोकेनच यावा म्हणून बोटं कशी टाकायची? आधी 'मागे' दाबून अर्धवर्तुळ काढल्याने फरक पडतो का?