पुणे स्टेशनची शंभर वर्षांची इमारत राखावी की पाडून नवी बांधावी?

(मतांच्या वरची नावे ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे आहेत.)

कमानीखालून (चर्चाप्रस्ताव)

पुणे स्टेशनच्या मुख्य इमारतीला २७ जुलै २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. तेव्हापासून आमच्या मित्रमंडळींत एकच वाद पुन्हा पुन्हा निघतो: ही इमारत पाडून तिच्या जागी प्रशस्त, बहुमजली स्थानक बांधावे, की तिला हात न लावता नव्या सोयी आजूबाजूला कराव्यात? माझे मत इमारत राखावी असे आहे आणि ते निव्वळ जुन्याच्या ओढीने बनलेले नाही.

इमारत शंभर वर्षांची असली तरी स्थानक त्याहून बरेच जुने आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, पण त्या वेळी घाटातला रूळ झालेला नव्हता. मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी बोरघाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. ही यातायात २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला तेव्हा संपली. त्यानंतर साठ वर्षांनी, पावणेसहा लाख रुपयांच्या आसपास खर्च करून, आज आपण पाहतो ती इमारत उभी राहिली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले.

ते वर्ष नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. १ जुलैला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा कारभार कंपनीकडून सरकारकडे आला. त्यानंतर चार आठवडेही झाले नव्हते, तोच पुण्याची ही इमारत लोकांसाठी उघडली. म्हणजे कंपनीच्या आणि वाफेच्या काळात बांधायला घेतलेली ही वास्तू सरकारी आणि विजेच्या काळाच्या उंबरठ्यावर पुरी झाली. पुढच्या पाच वर्षांत कल्याण-पुणे मार्गावर वीज आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. एका शहराच्या रेल्वेचा सगळा कायापालट ज्या इमारतीने पाहिला, अशी दुसरी इमारत पुण्यात नाही.

सकाळी सातच्या सुमारास पोर्चमध्ये दहा मिनिटे उभे राहून पाहा. रिक्षा थांबते, सुटे पैसे हातावर पडतात, पासधारक खांद्यावरची पिशवी सावरत कमानीखालून आत शिरतो आणि मोजक्या पावलांत फलाट क्रमांक एकवर पोहोचतो. त्याला कुठे वळावे लागत नाही, पाटी वाचावी लागत नाही. रस्ता आणि रूळ यांच्यामधले अंतर इतके सरळ ठेवणे हे वास्तुरचनेचेच काम आहे, आणि ते शंभर वर्षांनीही चोख चालले आहे.

रोजचा पासधारक

आपण वर्णन केलेले मोजक्या पावलांचे सुख फक्त फलाट एकच्या प्रवाशाला मिळते, हे आपल्या नजरेतून सुटले आहे. स्थानकाला सहा फलाट आहेत. बाकी पाच फलाटांवर जाणाऱ्याला पूल चढावाच लागतो, आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीत त्या पुलावर ट्रंक, लहान मूल आणि गुडघेदुखीने बेजार झालेली सासू यांना सांभाळत चालणे म्हणजे काय, हे तिथून जाणाऱ्यालाच कळते. ही इमारत बांधली तेव्हा पुणे म्हणजे पेठा, लष्कर आणि भोवतालची चार खेडी होती. आज लोणावळ्याच्या लोकल, दौंडकडच्या गाड्या, मिरज-कोल्हापूरकडचा सगळा ओघ आणि उत्तर व दक्षिण भारतात जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या याच सहा फलाटांवर येतात. जुन्या इमारतीभोवती ठिगळे लावून हे निभणार नाही. तिची छायाचित्रे आणि मोजमापे नीट जतन करावीत, पण जागा मात्र आजच्या प्रवाशाला द्यावी.

घोरपडीकर

मला तर मूळ प्रस्तावच अनाठायी वाटतो, कारण ही इमारत पुण्यासाठी आखलेलीच नव्हती. लाहोर आणि पुणे या दोन स्थानकांच्या नकाशांची अदलाबदल झाली आणि लाहोरची इमारत आपल्याकडे आली, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. जी वास्तू चुकून आली, तिला पुण्याचा वारसा कसे म्हणायचे?

चुना आणि वीट

ही गोष्ट मीही लहानपणी मोठ्या आवडीने ऐकली आहे, पण ती तारखांपुढे टिकत नाही. लाहोर स्थानकाचे बांधकाम १८५९ साली सुरू झाले, म्हणजे पुण्याची इमारत उघडण्याआधी तब्बल सहासष्ट वर्षे. सहा दशकांच्या अंतराने झालेल्या दोन कामांचे कागद कोणत्या टेबलावर एकमेकांत मिसळणार? शिवाय त्या दोन्हींचे स्वभावच वेगळे आहेत. १८५७ च्या उठावानंतर लगेच बांधलेले लाहोरचे स्थानक एखाद्या गढीसारखे आहे. प्रसंग पडला तर त्याच्या आश्रयाने लढता यावे म्हणून त्याला जाड भिंती आणि बुरूज दिले होते. पुण्याच्या इमारतीत तसली भीती कुठेच दिसत नाही. तिच्या कमानी रस्त्याकडे तोंड करून सताड उघड्या आहेत. लाहोरची वास्तू माणसाला अडवायला सज्ज आहे आणि पुण्याची त्याला आत घ्यायला. दंतकथा जरूर सांगावी, पण तिच्या आधारावर इमारत पाडण्याचा निर्णय होऊ नये.

कमानीखालून

चुना आणि वीट यांचे मनापासून आभार. पासधारकांची तक्रार मला मान्य आहे. फलाट एकपलीकडच्या प्रवाशाचा विचार मी मांडणीत करायला हवा होता. पण उपाय पाडण्यातच आहे, हे मान्य नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ती इमारत १८८७-८८ च्या सुमारास पुरी झाली, २००४ साली जागतिक वारसा यादीत गेली आणि आज तिथे १८ फलाट आहेत. इमारत राखून गर्दी सामावता येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

रोजचा पासधारक

हे उदाहरण पुण्याला लागू पडत नाही, आणि कारण वास्तुरचनेचेच आहे. मुंबईला रूळ संपतात. गाडी तिथे येऊन थांबते, इमारत एका बाजूला राहते आणि फलाट मोकळ्या बाजूला वाढवत नेता येतात. पुणे हे मधले स्थानक आहे. मुंबईकडून आलेली गाडी दौंड किंवा मिरजेकडे पुढे जाते. इमारत रुळांना समांतर उभी आहे, त्यामुळे वाढायचे तर रूळ ओलांडूनच वाढावे लागते. पूल ही इथली मूळ अडचण आहे, आणि ती १९२५ पासूनची आहे.

चुना आणि वीट

हा मुद्दा बिनतोड आहे, मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. अडचण रूळ ओलांडण्याची असेल, तर इमारत पाडून एकही रूळ हलणार नाही. नवी बहुमजली इमारत बांधली तरी सहाव्या फलाटावर जायला पूलच लागेल. मग खर्च थेट त्या पुलावरच करावा: रुंद, छपराचा, प्रत्येक फलाटावर सरकता जिना आणि लिफ्ट उतरवणारा, पलीकडे राजा बहादूर मिलच्या रस्त्याला आणि मेट्रोला जोडणारा. काही गाड्या हडपसरहून सुटू लागल्या आहेतच. तो भार आणखी तिकडे वळवावा.

रोजचा पासधारक

असा पूल खरोखर होणार असेल, तर पाडण्याचा माझा आग्रह मी सोडतो. फक्त एक अट आहे. फलाट एककडचा जिना पोर्चसमोर उतरवू नये, नाहीतर कमानीही झाकल्या जातील आणि रिक्षा, बस व पायी येणारे यांची कोंडी आजच्या दुप्पट होईल. तो इमारतीच्या टोकापलीकडे उतरावा, भले त्यासाठी माझ्यासारख्याला रोज शंभर पावले जास्त चालावी लागली तरी चालेल.