एस्टरचा टायट्रेशन आकडा स्थिर आहे, म्हणजे समतोल आला का?

प्रश्न: ग्लेशियल (जवळपास पाणी नसलेलं) अॅसिटिक आम्ल ५७ मिली आणि शुद्ध इथेनॉल ५८ मिली (दोन्ही साधारण १ मोल, म्हणजे रेणूंची संख्या सारखी) बुच लावून खोलीच्या तापमानाला ठेवलंय. यांतून इथिल अॅसिटेट हा एस्टर आणि पाणी बनतं. १ मिली नमुन्यातलं आम्ल उदासीन करायला (हेच टायट्रेशन) ०.५ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड काल १७.१ मिली लागलं, आज १७.०. समतोल (पुढची आणि उलट अभिक्रिया सारख्याच वेगाने) मानू?

उत्तर १: नाही. सुरुवातीचाच आकडा १७.३ च्या आसपास येतो, म्हणजे अभिक्रिया जेमतेम सुरू झालीय. उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) दिसत नाही. बर्फात थंड करून, ढवळत, १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. समतोल स्थिरांक (समतोलाला एस्टर × पाणी भागिले आम्ल × अल्कोहोल) ४ च्या जवळपास आहे, त्यामुळे दोन तृतीयांश आम्ल संपून आकडा ५.८ कडे उतरायला हवा. त्यावर उत्प्रेरकाचे साधारण ०.६ मिली वेगळे धरा. हे विसरतात आणि मग स्थिरांक चुकीचा येतो!

उत्तर २: नमुना थेट बर्फाच्या पाण्यात सोडा, नाहीतर टायट्रेशन होईपर्यंत त्यातली अभिक्रिया पुढे सरकते. फिनॉल्फथॅलीनचा (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) पहिला टिकाऊ गुलाबी रंग घ्या. नंतर तो फिकट होतो, कारण अल्कली एस्टरलाच तोडू लागते. पुन्हा थेंब घालत बसू नका. बुच मात्र घट्ट हवं, एस्टर उडून जातो.

उत्तर ३: खरी कसोटी उलट बाजूची. दुसऱ्या बाटलीत १ मोल इथिल अॅसिटेट (९८ मिली), १८ मिली पाणी आणि तेवढंच उत्प्रेरक. आधी दोन थर दिसतील, हलवत राहा. दोन्ही बाटल्या एकाच तापमानाला ठेवा. एकीचा आकडा उतरत, दुसरीचा चढत एकाच जागी आला, तरच समतोल.