झाडीपट्टीचा नट आजारी पडला, गावभर व्हिडिओ फिरतात. काय करावं?

लाखांदूरकर:
आमच्याकडचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचा, एक नावाजलेला नट. मंडईपासून (दिवाळीनंतरच्या जत्रेपासून) रोज रात्री प्रयोग. आता पाच दिवस झाले, झोप नाही, बोलणं थांबत नाही, वाट्टेल त्याले पैसे वाटते, अडवलं का भडकते. बाजारात ओरडला तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला. कोणी म्हणते दारू, कोणी म्हणते करणी. घरचे मांत्रिकाकडे न्यायच्या बेतात हायेत. पहिले काय करावं जी?

ब्रह्मपुरी सिस्टर:
भाऊ, हा उन्माद (मेनिया, मन अतिउत्तेजित होण्याचा आजार) असू शकतो. पण गांजा, दारू, थायरॉइडनंही असं दिसतं, म्हणून तपासणीआधी नाव देऊ नका. ज्याला हा आजार असतो त्याची झोप मोडली की झटका येऊ शकतो, आणि आपलं नाटक तर पहाटेपर्यंत चालतं. प्रयोग आजच बंद करा. खोलीत उजेड कमी, चहा नाही, भेटायला येणाऱ्यांची रांग नाही. एकाच माणसानं हळू बोलावं, वाद घालू नये. गाडीची किल्ली, एटीएम कार्ड आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. त्यांना विचारून जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तो यायला तयार नसेल तरी साखळीनं बांधू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला मनाई आहे. त्याच कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीनं अर्ज केला आणि तपासणीत गरज दिसली, तर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं.

मेडिकलवाला:
पुढची चूक गोळ्यांत होते. 'उदास आहे' म्हणून नुसती नैराश्याची गोळी दिली तर अशा रुग्णाचा उन्माद वाढू शकतो. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) दिलं तर सुरू केल्यावर साधारण आठवड्यानं, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासायचं. रक्तातली लिथियमची पातळी सहसा ०.६ ते १.० mmol/L च्या आसपास ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं. घाम, जुलाब, कमी पाणी यांनी पातळी चढते. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेतलं तरी चढते. हात जोरात थरथरणं, उलटी, तोल जाणं, बोबडं बोलणं दिसलं की पुढची गोळी थांबवून तडक दवाखाना. मीठ एकदम बंद करू नका. बरं वाटलं म्हणून स्वतःच गोळी सोडली की आजार उलटतो.

गोंडपिपरीचा वकील:
व्हिडिओ फक्त आपल्याकडेच काढतात असं नाही. २००७ मध्ये अमेरिकन पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्सनं डोकं भादरलं, त्याचे फोटो जगभर विकले गेले. २००८ पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत कोर्टाच्या आदेशानं तिचे पैसे आणि आयुष्य दुसऱ्यांच्या हाती होतं. आपल्या कायद्यात रुग्ण स्वतः प्रतिनिधी नेमू शकतो, आणि बरा असताना पुढच्या वेळी कोणता उपचार हवा, कोणता नको, हे लिहून ठेवू शकतो. तो सावरला की हा कागद आधी करा.

दवाखान्यात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही (कलम २४). पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाजारातला व्हिडिओ थेट यात बसवणं अवघड. म्हणून ग्रुप अ‍ॅडमिनला गाठा, तो 'सर्वांसाठी डिलीट' करू शकतो. फेसबुक-यूट्यूबवर गोपनीयतेची तक्रार करा. आधी लिंक आणि स्क्रीनशॉट ठेवा. आणि विरोध म्हणून तोच व्हिडिओ पुन्हा टाकू नका, फार लोक हेच करतात.

लाखांदूरकर:
प्रयोगांच्या सुपाऱ्या (आगाऊ बुकिंग) घेतलेल्या हायेत, मंडळानं आयोजकाले काय सांगावं?

ब्रह्मपुरी सिस्टर:
"प्रकृती ठीक नाही, बदली नट येईल." एवढंच. आजाराचं नाव सांगायचा हक्क त्याचा आहे. परतल्यावर सुरुवातीला लहान भूमिका, सलग रात्री नकोत, आणि दुसऱ्या दिवशी झोप पक्की. तारखा डॉक्टरला दाखवूनच ठरवा.