मदत हवी आहे: ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर मावशी एकदम गप्प झालीये

नाशिकमध्ये कॅन्सर पेशंटशी नीट मराठीत बोलणारे कौन्सेलर कोणाला माहितीयेत का? मावशीचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता रोज लेट्रोझोलची (कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती) गोळी चालूये, रिपोर्ट चांगलेत पण ही रात्ररात्र जागी असते, सांधे दुखतात (ते गोळीनेही होतं म्हणे) आणि कोणी भेटायला आलं की सरळ आत जाऊन झोपते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग टेन्शन कशाला!! आणि मानसोपचार म्हटलं की मावशीचं ठरलेलं, "मी काय वेडी आहे का?"

टाटा मेमोरियलने ८५० पेशंटवर योगाची ट्रायल केली होती, २०२२ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली, योग करणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं. हे ऐकल्यावर मात्र ती जरा तयार झालीये. पण काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजायची भीती आहे, त्यामुळे यूट्यूब बघून काही करायचं नाहीये. असं शिकवणारं कोणी, किंवा यातून गेलेल्या बायकांचा ग्रुप असेल तर प्लीज सांगा. काढे, गोमूत्र वगैरे नको, ते नातेवाईकांकडून भरपूर आलंय 🙏