बँकेची नोकरी आणि सिबिल: तुमच्यासोबत काय झालं?

परवा औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत एक पोरगं रडकुंडीला आलं होतं. बँकेची मेन्स (मुख्य परीक्षा) निघाली, यादीत नाव आलं आणि कागदपत्रं तपासताना सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, गाडी अडली. माझंही तेच झालं होतं, म्हणून हा धागा काढला. जाहिरातीतला ‘पतइतिहास चांगला हवा’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण टेबलापलीकडे काय होतं ते कुणी सांगत नाही. आपापलं लिहा. माणसांची नावं नकोत, बँकांचीही नकोत.

माझ्यापासून सुरू करतो. २०२१ मध्ये रूममेटला मोबाइल घ्यायचा होता. त्याचं पॅनकार्ड गावाकडं, माझं पाकिटात. दुकानात दहा मिनिटांत हप्ते बांधून झाले. सहा हप्ते त्यानं दिले, मग पुण्याला गेला. माझ्या खात्यातला हप्ता बाऊन्स व्हायचा, मेसेज यायचे, मी आपला ‘देईल तो’ म्हणून गप्प. २०२३ ला आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) जाहिरातीत किमान ६५० सिबिल स्कोअरची अट आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा रिपोर्ट काढला. ५९१! खाली महिन्यांच्या चौकटी असतात, त्यात हप्ता किती दिवस लांबला तो आकडा. माझ्या चौकटींत ३०, ६०, ९०. तिसाचा पाढाच की.

फायनान्सच्या ऑफिसात गेलो तर वसुलीवाला म्हणाला, “सात हजार निघायलेत, चार टाका, सेटल करून टाकू.” मी खिशात हात घातलाच होता. सोबत दाजी होते, पतसंस्थेत कॅशियर. त्यांनी माझं मनगट धरलं. “सेटल नाही, क्लोज पाहिजे. पूर्ण भर.” अर्धवट भरून मिटवलं की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ उमटतं आणि बँकवाले ते ‘बुडवलं’ असंच वाचतात. पूर्ण सात भरले, एनओसीवर (बाकी नसल्याचा दाखला) शिक्का मारून घेतला. रुजू होताना साहेबांनी स्कोअरपेक्षा तो कागदच जास्त वेळ पाहिला.

लातूरहून
माझं नाही जमलं. इंजिनिअरिंगचं शैक्षणिक कर्ज होतं. कोर्स संपल्यावर वर्षभर सवलत आहे एवढंच डोक्यात, व्याज चढतंय हे नाही. नोकरी नाही म्हणून हप्ते नाहीत, मग खातं एनपीए, म्हणजे थकीत. अण्णा सहकर्जदार, त्यामुळं त्यांचाही रिपोर्ट गेला. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा घरात सोयाबीन होतं, पण भाव पडलेला. अण्णा म्हणाले विकू. विकलं तरी निम्मंच होत होतं. मुदत मागितली, मिळाली नाही, पत्र रद्द झालं. बाकी नंतर लिहितो.

बीडहून
मी कधी रुपयाचं कर्ज घेतलं नाही, तर रिपोर्टवर स्कोअरच्या जागी उणे एक. रात्रभर झोप नाही. कळलं की त्याचा अर्थ इतिहासच नाही. कुणी काही विचारलं नाही. रुजू होऊन दीड वर्ष झालं.

परभणीहून
बायकांच्या गटाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. लग्नानंतर सासूबाईंच्या गल्लीत मायक्रोफायनान्सचा गट होता, एक बाई कमी पडत होती. “तू शिकलेली हाईस, सही कर” म्हणाल्या. पैसे घेतले दुसरीनं, कर्ज माझ्या नावावर. ती ऊसतोडीला गेली की हप्ता थांबायचा. हे मला क्लार्कच्या निकालानंतर कळलं, तेही उशिरा, कारण पॅनवर माहेरचं आडनाव आणि कर्जावर सासरचं. एनओसी मागायला गेले तर तिथला मुलगा म्हणतो, आधी तुम्ही त्याच बाई आहात हे सिद्ध करा. हप्ते मागताना नाही लागला पुरावा! लग्नाची नोंद, आधार, सगळं घेऊन तीन खेपा घातल्या. मिळाली एनओसी. सासूबाई आता सगळ्यांना सांगतात, सुनेला बँकेत मीच लावलं.

हिंगोलीहून
बापाचं पीककर्ज थकलंय म्हणून माझी नोकरी जाईल, असं गावभर बोलायलेत. तसं नसतं. बापाचं कर्ज बापाच्या पॅनवर. मात्र चुलत्याच्या ट्रॅक्टरला मी जामीन होतो, ते कर्ज माझ्या रिपोर्टवर दिसलं. जामीन म्हणजे नुसती सही समजायचो.

नांदेडहून, शाखेत अधिकारी आहे
थोडं आतलं. ६५० चा आकडा एकाच वर्षीचा, २०२३-२४ चा. पुढच्या वर्षापासून आयबीपीएसनं तो काढून ‘रुजू होताना पतइतिहास चांगला हवा’ असं केलं. नोंद खराब असेल तर रुजू होण्याआधी ती दुरुस्त करा किंवा कर्ज देणाऱ्याची बाकी नसल्याची एनओसी आणा, अशी सोय त्यात आहे. अंतिम निर्णय बँकेचा. स्टेट बँकेची भाषा जास्त कडक: कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवल्याची नोंद असेल तर उमेदवार अपात्र. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात असंच प्रकरण गेलं. सगळी कर्जं फेडली होती असं उमेदवाराचं म्हणणं, तरी न्यायालयानं बँकेची बाजू धरली. म्हणजे तिथं आज बाकी शून्य असून भागत नाही. मला विचाराल तर कॅशच्या चाव्या देताना बँकेनं हे बघणं चूक नाही. पण लातूरच्या भावासारख्याला आणि क्रेडिट कार्डावर गोवा करून आलेल्याला एकाच मापानं मोजणं मला पटत नाही. घरात पैसा असता तर त्यानं कर्ज घेतलंच कशाला असतं?

धाराशिवहून
माझ्या रिपोर्टवर भलत्याच माणसाचं दुचाकीचं कर्ज होतं. नाव सेम, वडिलांचं नावही सेम. ऑनलाइन तक्रार टाकली. तीस दिवसांत निकाल लावायचा नियम आहे, पुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई. सव्विसाव्या दिवशी नोंद निघाली. एक विचारायचं होतं, रिपोर्ट काढायला पैसे कामून देतात लोक?

धागाकर्ता
द्यायचेच नाहीत. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या चारही पतनोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, परभणीच्या ताईंसारखी नोंद एकात असते, दुसऱ्यात नसते. फॉर्म भरता त्याच दिवशी काढा, निकालाची वाट बघू नका.

जालन्याहून
मी कालच थकबाकी भरली. पुढच्या आठवड्यात कागदपत्रं आहेत. तोवर दिसेल का रिपोर्टवर?

धागाकर्ता
जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरा दिवसांनी एकदा माहिती पाठवावी लागते, तरी आठवड्याचा भरवसा धरू नका. एनओसी आणि भरल्याची पावती, दोन्हींच्या मूळ प्रती सोबत ठेवा. एनओसीवर कर्जखात्याचा नंबर बरोबर आहे का ते तिथंच, काउंटरवर उभं राहून वाचा. माझ्या पहिल्या एनओसीवर एक आकडा चुकला होता.

आणि हो, दोघांनी विचारलंय म्हणून सांगतो. रूममेटनं ते पैसे अजून दिले नाहीत. मागच्या महिन्यात फोन आला होता, म्हणाला तू बँकेत लागलास म्हणे, घरासाठी कर्ज बघ ना.