मदत हवी आहे: चार्टवर सहा इंडिकेटर लागलेत, त्यातले कोणते काढू?

साखळी२१:
बिटकॉइन आणि इथरच्या चार्टवर आरएसआय (भावाचा वेग ० ते १०० मध्ये मोजणारा), स्टोकॅस्टिक आरएसआय, मॅकडी, बोलिंजर बँड, १२ आणि २६ चे ईएमए (ताज्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी), शिवाय सुपरट्रेंड एवढं लावलंय. एक म्हणतो घे, दुसरा म्हणतो वीक, आणि ठरवेपर्यंत भाव निघून जातो. आलेला सिग्नल पाच मिनिटांनी गायब होतो ते वेगळंच. मोबाइलवर आरएसआय ६१ दिसतोय, लॅपटॉपवर ५७. दोन-तीनच ठेवायचेत. कोणते? लवकर सांगा, पोझिशन उघडी आहे.

शून्यरेषा:
टाइमफ्रेम कुठली? स्पॉट (नाणं थेट विकत घेणं) की फ्युचर्स (भावावरचा करार)? कॅन्डल (एका टाइमफ्रेममधल्या भावाचा चार्टवरचा एक खांब) बंद झाल्यावर एंट्री घेता की चालू कॅन्डलवर? नाडी न बघता औषध कसं सांगणार?

उघडाचार्ट:
सगळे काढा. इंडिकेटर भावातूनच निघतो, म्हणजे भावाच्या मागेच राहणार. आधीचे उच्चांक-नीचांक आडव्या रेषांनी आखा, खाली व्हॉल्यूम ठेवा. बास.

वॉलेटवाला:
आधी नाणी एक्सचेंजवरून काढून हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवा. रिकव्हरीचे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहायचे, फोनमध्ये फोटो काढायचा नाही.

साखळी२१:
वॉलेटचं विचारलेलंच नाही. नावं सांगा ना कोणीतरी! १५ मिनिटांचा चार्ट, फ्युचर्स, १० पट लिव्हरेज (स्वतःच्या पैशाच्या १० पट सौदा). सिग्नल दिसला की लगेच घेतो, कॅन्डल बंद व्हायची वाट कशाला बघू?

शून्यरेषा:
गायब होणाऱ्या सिग्नलचं उत्तर तुम्हीच दिलंत. चालू कॅन्डलचा बंद भाव ठरलेला नसतो, त्यामुळे प्रत्येक सौद्यागणिक सगळे इंडिकेटर नव्याने मोजले जातात. सातव्या मिनिटाला झालेला क्रॉस चौदाव्या मिनिटाला पुसला जातो. अलर्टमध्ये 'कॅन्डल बंद झाल्यावर एकदाच' हा पर्याय निवडा.

आता काय काढायचं ते. मॅकडीची मुख्य रेषा म्हणजे १२ च्या ईएमएमधून २६ चा ईएमए वजा. ती शून्य ओलांडते त्याच क्षणी ते दोन ईएमए एकमेकांना छेदतात. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे एकच साक्षीदार दोनदा उभा केलाय. स्टोकॅस्टिक आरएसआय तर आरएसआयवरच स्टोकॅस्टिकचं सूत्र (अलीकडच्या उच्चांक-नीचांकात आकडा कुठे आहे) लावून काढतात, भावापासून दोन पायऱ्या लांब. तो सतत ० ते १०० मध्ये आपटतो, आणि तुमचा गोंधळ बहुतेक तोच घालतोय. म्हणून मॅकडी आणि स्टोकॅस्टिक आरएसआय आज काढा.

तीन प्रश्न, प्रत्येकाला एकच उत्तर देणारा. कल कुठे आहे? ईएमए. वेग किती आहे? आरएसआय १४. चढउतार किती? एटीआर १४, म्हणजे भाव सरासरी किती हलतो ते. सुपरट्रेंड एटीआरवरच उभा असतो (बहुतेक ठिकाणी १० आणि ३), तो हवा तर फक्त सरकता स्टॉपलॉस (तोटा थांबवायला बाहेर पडायची पातळी) म्हणून ठेवा, एंट्रीसाठी नको.

मंदगती:
+१. पण आरएसआय ७० च्या वर गेला की विकायचं, हे डोक्यातून काढा. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये तो मांडला, ७० आणि ३० च्या रेषा तेव्हापासूनच्या. जोरदार तेजीत तो ७० च्या वर बराच काळ टिकतो आणि मागे आला तरी ४० ते ५० च्या आसपास सावरतो. बोलिंजरचंही तसंच. २० ची सरासरी आणि २ प्रमाण विचलनं एवढंच त्यात असतं, कल असेल तेव्हा भाव वरच्या पट्टीला चिकटून चालतो. पट्टीला शिवला म्हणून शॉर्ट करणारे (भाव पडेल यावर पैज लावणारे) तिथेच सापडतात.

उघडाचार्ट:
आणि व्हॉल्यूम? तीन प्रश्नांत तो कुठेच नाही!

शून्यरेषा:
क्रिप्टोत व्हॉल्यूम एक्सचेंजगणिक वेगळा असतो, स्पॉटचा वेगळा, पर्पेच्युअलचा (मुदत नसलेल्या फ्युचर्सचा) वेगळा. खोटे सौदे करून फुगवलेलाही असतो. मोठ्या एक्सचेंजचा स्पॉट व्हॉल्यूम बघत असाल तर ठेवा, पण छोट्या नाण्यावर त्याच्या भरवशावर ब्रेकआउट (भाव आधीची पातळी तोडून बाहेर पडणं) घेऊ नका.

उघडाचार्ट:
मोठ्याच नाण्यांबद्दल बोलतोय. व्हॉल्यूमशिवायचा ब्रेकआउट बहुतेकदा परत आत येतो, हे तुमचे तीनही इंडिकेटर सांगणार नाहीत.

शून्यरेषा:
हे मान्य.

साखळी२१:
६१ आणि ५७ चं काय?

मंदगती:
आधी दोन्हीकडे एकच एक्सचेंज आणि एकच जोडी आहे का बघा. एकीकडे स्पॉट, दुसरीकडे पर्पेच्युअल असेल तर आकडा जुळणारच नाही. मग पद्धत बघा. वाइल्डरची सरासरी आधीच्या आकड्यावर उभी असते, १४ ची वाइल्डर सरासरी म्हणजे वजनाच्या हिशेबाने २७ चा ईएमए. ॲपने मागच्या थोड्याच कॅन्डल उतरवल्या असतील तर आकडा चुकतो, किमान १५० ते २०० लागतात. काही ठिकाणी साधी सरासरी वापरलेला आरएसआय असतो, तोही वेगळाच येतो.

अवांतर: सेटिंग ९ करून बघू, २१ करून बघू, असं करत बसू नका. १४ ला चालतं आणि १२ किंवा १६ ला कोसळतं, असं असेल तर तो जुन्या डेटावरचा योगायोग आहे.

शून्यरेषा:
उघड्या पोझिशनसाठी स्टॉपलॉस एटीआरवरून मोजा. उदाहरणार्थ भांडवल १,००० डॉलर, एका सौद्यात जोखीम १ टक्का म्हणजे १० डॉलर. एटीआर भावाच्या १.२५ टक्के असेल तर स्टॉपचं अंतर त्याच्या दुप्पट, २.५ टक्के. १० भागिले ०.०२५, म्हणजे पोझिशन ४०० डॉलरची. लिव्हरेज कितीही असो, आकार इथूनच ठरतो. १० पट आयसोलेटेड मार्जिनमध्ये (तारण फक्त त्याच सौद्यापुरतं) भाव उलटा १० टक्के जाण्याआधीच लिक्विडेशन येतं (एक्सचेंज पोझिशन जबरदस्तीने बंद करतं), स्टॉप त्याच्या बराच अलीकडे हवा.

१५ मिनिटांवर २०० चा ईएमए म्हणजे जेमतेम ५० तास. कल ४ तासांच्या चार्टवर बघा, एंट्री १५ वर.

साखळी२१:
१२ आणि २६ काढून ५० चा एकच ईएमए ४ तासांवर लावला, आरएसआय आणि एटीआर १५ वर. पण ४ तासांचा ईएमए १५ च्या चार्टवर आणला की तोही हलतोय.

शून्यरेषा:
तीच अडचण, मोठ्या कॅन्डलवर. शेवटच्या बंद झालेल्या ४ तासांच्या कॅन्डलचा आकडा घ्या, म्हणजे एक कॅन्डल मागचा. तो पुढची बंद होईपर्यंत जागचा हलणार नाही.